हेडफोनचा आवाज तटस्थ आहे का, हे कानाने कसं तपासावं

दुकानदार ज्याला 'न्यूट्रल' म्हणतो त्यालाच दुसरा कुणी 'नॅचरल' म्हणतो आणि दोघांचा अर्थ एकच आहे असं आपण धरून चालतो. तसं नाही. तटस्थ हेडफोन म्हणजे रेकॉर्डिंगमध्ये जे आहे ते कुठल्याही पट्टीला (खालच्या, मधल्या किंवा वरच्या सुरांना) झुकतं माप न देता पोचवणारा. नैसर्गिक आवाज म्हणजे ऐकताना गाणारा माणूस समोर बसलाय असं वाटणं. रेकॉर्डिंगच किरकिरं असेल तर तटस्थ हेडफोनवर ते किरकिरंच ऐकू यायला हवं, आणि तिथे 'नैसर्गिक' वाटणारा हेडफोन खरं तर काहीतरी लपवत असतो. 200 हर्ट्झच्या (हर्ट्झ हे सुराच्या उंचीचं, म्हणजे फ्रिक्वेन्सीचं एकक, डेसिबल मोठेपणाचं) आसपास दोन-तीन डेसिबलचा फुगवटा असलेला हेडफोन पातळ रेकॉर्डिंगला छान ऊब देतो. तोच फुगवटा आधीच भरदार असलेल्या आवाजाला घशात गोळा अडकल्यासारखा करतो.

म्हणून एका गाण्यावरून निकाल देऊ नये. दहा वेगवेगळी रेकॉर्डिंग ऐकावीत आणि सगळ्यांत सारखा राहणारा दोष शोधावा. गाण्यागणिक बदलतो तो दोष रेकॉर्डिंगचा, सगळीकडे कायम राहतो तो हेडफोनचा. पुढची सगळी कसरत हा कायमचा दोष पकडण्यासाठी आहे.

आलेखातली सपाट रेषा म्हणजे सपाट आवाज नव्हे

समोरून येणारा आवाज कानाच्या पडद्यापर्यंत जाताना कानाची पाळी आणि कानाची नळी त्यात बदल करतात. साधारण 3 किलोहर्ट्झला नळी स्वतःच घुमते आणि तो भाग 10 ते 15 डेसिबलने वर उचलला जातो. आपला मेंदू जन्मापासून हेच ऐकत आल्यामुळे त्याला हा उंचवटा 'सपाट' वाटतो. हेडफोन कानाला चिकटून वाजतो, म्हणून हा उंचवटा त्याला स्वतःच्या आवाजात ठेवावा लागतो. कोणता सूर किती मोठा वाजतो हे दाखवणारा, कृत्रिम कानावर मोजलेला आलेख (फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्स) 3 किलोहर्ट्झला सरळ आडवा गेला असेल, तर तो हेडफोन ऐकायला दबलेला लागणार, गायक पडद्याआड गेल्यासारखा.

उंचवटा नेमका किती हवा यावर बराच काळ वाद होता. 1980 च्या दशकात जर्मनीतल्या ग्युंटर टाइले यांनी 'डिफ्यूज फील्ड' ही कल्पना मांडली. चहूबाजूंनी सारखाच आवाज येत असताना कानाच्या पडद्याशी जे मोजलं जातं, तेच हेडफोनने द्यावं असं तिचं म्हणणं. पुढे 2012 पासून हार्मन या ऑडिओ कंपनीत शॉन ऑलिव्ह आणि टॉड वेल्टी यांनी श्रोत्यांनाच विचारलं. चांगल्या खोलीत चांगले स्पीकर जसे ऐकू येतात, तसाच हेडफोन बहुतेकांना आवडतो असं त्यातून दिसलं. खोलीत भिंतींमुळे बेस वाढतो, म्हणून 'हार्मन टार्गेट' या वक्रात साधारण 100 हर्ट्झच्या खाली बेस उचललेला असतो. याच गटाच्या 2019 च्या अभ्यासात 64 टक्के श्रोत्यांना हा वक्र पसंत पडला, 15 टक्क्यांना त्याहून जास्त बेस हवा होता आणि 21 टक्क्यांना कमी. म्हणजे बेसच्या बाबतीत तटस्थतेला थोडी ढील आहे. मधल्या पट्टीत, 300 हर्ट्झ ते 4 किलोहर्ट्झमध्ये, फारशी नाही.

किमतीवरून काही ठरवू नये. 200 हून अधिक हेडफोन मोजून 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात किंमत आणि फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्स यांचा संबंधच आढळला नाही. उलट 1997 चा सेनहायझर एचडी 600 हा हेडफोन आजही मधल्या पट्टीसाठी मापदंड म्हणून हाताशी ठेवला जातो. त्याचा अगदी खालचा बेस मात्र उतरता आहे. तेव्हा मापदंडालाही एक उणीव आहे हे धरूनच त्याच्याशी तुलना करावी.

आधी अडथळे काढा

'ट्रेबल टोचतो', 'बेस नाही' अशा तक्रारींपैकी बऱ्याच या टप्प्यावरच निकाली निघतात.

पहिलं म्हणजे सेटिंग. फोनमधले डॉल्बी, 'थ्रीडी', 'बेस बूस्ट', कंपनीच्या ॲपमधला इक्वलायझर, स्ट्रीमिंग ॲपमधलं व्हॉल्यूम नॉर्मलायझेशन आणि विंडोजमधली 'ऑडिओ एन्हान्समेंट्स' हे सगळं बंद करा. ब्लूटूथ हेडफोनचा आवाज नॉइज कॅन्सलेशन चालू-बंद केल्यावर बदलू शकतो, तारेने जोडल्यावर तर अनेकदा वेगळाच होतो. ज्या पद्धतीने रोज वापरणार त्याच पद्धतीने तपासा.

दुसरं, जोडणी. ॲम्प्लिफायरचा आउटपुट इम्पिडन्स (विजेला होणारा विरोध, ओममध्ये मोजतात) हेडफोनच्या इम्पिडन्सच्या आठव्या भागापेक्षा कमी असावा. 32 ओमच्या हेडफोनला 4 ओमपर्यंत चालेल. जास्त असेल तर ज्या फ्रिक्वेन्सीला हेडफोनचा इम्पिडन्स चढतो तिथे आवाजही चढतो. डायनॅमिक ड्रायव्हरमध्ये (ड्रायव्हर म्हणजे आवाज काढणारा भाग, डायनॅमिक हा त्याचा नेहमीचा प्रकार) हे सहसा 100 हर्ट्झच्या आसपास होतं आणि ऐकणारा त्याला 'गोडवा' म्हणतो. अनेक बॅलन्स्ड आर्मेचर (इवल्याशा ड्रायव्हरचा दुसरा प्रकार) असलेल्या इअरफोनमध्ये तर मधली पट्टीच वाकडी होते.

तिसरं आणि सर्वांत महत्त्वाचं, कानावर बसणं. 40 हर्ट्झचा सूर हळू आवाजात लावा आणि दोन्ही कप हाताने हलकेच दाबा. दाबल्यावर सूर एकदम भरला तर हवा गळतेय. कारण चष्म्याची दांडी असेल, कपाखाली अडकलेले केस असतील, नाहीतर बुगडी किंवा मोठी कुडी. बंद कपाच्या हेडफोनमध्ये चष्म्यामुळे पडलेली फट बेसचे कितीतरी डेसिबल खाऊन टाकते. चष्मा काढून एकदा ऐका म्हणजे फरक कळेल. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्याच्या दमटपणात कृत्रिम चामड्याचे इअरपॅड सोलतात, घामाने आणि डोक्याच्या तेलाने आतला फोम बसतो. पॅड बसला की ड्रायव्हर कानाजवळ येतो आणि आवाजाचा तोल बदलतो. दोन वर्षं वापरलेल्या पॅडवर घेतलेला निर्णय त्या पॅडपुरताच खरा. इअरफोनच्या तिन्ही मापांच्या टिप लावून पाहा, कारण दोन कानांना वेगवेगळं माप लागणं अगदी सामान्य आहे.

चौथं, डावा-उजवा. मोनो नॉइज (दोन्ही बाजूंना सारखाच जाणारा खरखराट) लावली की आवाज डोक्याच्या अगदी मधोमध यायला हवा. एका बाजूला सरकला तर हेडफोन उलटा घाला. सरकणंही बाजू बदलून दुसरीकडे गेलं तर दोष हेडफोनचा किंवा मागच्या उपकरणाचा. जागचं हललं नाही तर कानातला मळ तपासून घ्या.

आवाजाची पातळी एक नसेल तर तुलना फुकट

पातळी वाढली की कान बेस आणि ट्रेबल जास्त ऐकतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933 मध्येच हे मोजून दाखवलं. त्यामुळे दोन हेडफोनपैकी एक जरासा मोठा वाजत असेल तर तोच 'जास्त मोकळा, जास्त भरीव' ठरतो. एक डेसिबलचा फरक कुणाला 'मोठा' म्हणून कळतही नाही, कळतो तो 'चांगला' म्हणून. दुकानातली निम्मी फसगत इथे होते.

घरी पातळी जुळवायची सोपी पद्धत अशी: ऑडॅसिटी या मोफत प्रोग्रॅममध्ये 30 सेकंदांची पिंक नॉइज (प्रत्येक सप्तकात सारखी ऊर्जा असलेला खरखराट) तयार करा, ॲम्प्लिट्यूड 0.2 ठेवा. तिच्यावर 500 हर्ट्झचा हाय-पास आणि 2000 हर्ट्झचा लो-पास फिल्टर लावा, म्हणजे 500 च्या खालचं आणि 2000 च्या वरचं कापलं जाईल. हा मधला पट्टा दोन्ही हेडफोनवर सारख्याच मोठेपणाने ऐकू येईपर्यंत व्हॉल्यूम हलवा आणि ते आकडे कागदावर लिहून ठेवा. पूर्ण पिंक नॉइजने जुळवायला गेलात तर जास्त बेसवाला हेडफोन उगाच मागे पडतो. फोन कपाला चिकटवून ॲपने डेसिबल मोजण्याच्या फंदात पडू नका. फोनचा माइक तिथे कानासारखा वागत नाही.

पातळी किती ठेवावी? रेकॉर्डिंगमधला माणूस हातभर अंतरावरून साधं बोलतोय इतकी. साधं बोलणं एक मीटरवर साधारण 60 डेसिबल असतं, संगीत 75 पर्यंत पुरे. मोठ्यांसाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आठवड्याला 40 तास 80 डेसिबल अशी आहे, आणि तपासणीच्या नादात ती ओलांडली जाते.

बोलणं: सगळ्यात कडक परीक्षक

व्हायोलिन प्रत्यक्षात कसं वाजतं हे शंभरातल्या दोघांना माहीत असतं, माणूस कसा बोलतो हे सगळ्यांना. म्हणून सुरुवात गाण्याने करू नका. मराठी बोलणाऱ्या एका पुरुषाचं आणि एका बाईचं स्वच्छ, पार्श्वसंगीताशिवाय केलेलं रेकॉर्डिंग घ्या. अभिवाचन उत्तम. पॉडकास्ट जपून निवडा. माइक ओठांजवळ धरला की त्याच्या रचनेमुळे खालचे स्वर फुगतात, त्यामुळे निवेदकाचा 'छातीतला' आवाज हेडफोनचा दोष ठरवला जातो.

मराठीची एक सोय इथे फार उपयोगी पडते. 'स' आणि 'श' यांची ऊर्जा वेगवेगळ्या पट्ट्यांत असते. 'श'ची सुरुवात साधारण अडीच-तीन किलोहर्ट्झपासून, 'स'चं जोरदार घर्षण पाचच्या वर. तसंच 'चाक'मधला दंत्य च 'स'च्या बाजूला झुकतो आणि 'चार'मधला तालव्य च 'श'च्या. तटस्थ हेडफोनवर हे चारही सुटे ऐकू येतात आणि एकही अंगावर येत नाही. 6 ते 9 किलोहर्ट्झमध्ये टोक असेल तर प्रत्येक 'स' आणि दंत्य 'च' शीळ घातल्यासारखा उडी मारतो आणि 'श' मात्र शांत राहतो. तिथे खड्डा असेल तर 'साखर'मधला स बोथट होतो, बोलणारा तोंडात सुपारी ठेवून बोलतोय असं वाटतं. 'श'च जास्त खरखरीत लागला तर संशय 3 ते 5 किलोहर्ट्झवर घ्या.

स्वरांकडेही लक्ष द्या. बाईचा आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा किंवा नाकात वाटला तर 1 किलोहर्ट्झच्या आसपास उंचवटा असतो. पुरुषाचा आवाज उशीत तोंड घालून बोलल्यासारखा वाटला तर बहुधा 150 ते 300 हर्ट्झ फुगलेला असतो, किंवा 3 किलोहर्ट्झला खड्डा असतो. दोन्हींचा परिणाम ऐकायला सारखाच. कोणता ते पुढे इक्वलायझरने कळेल.

पिंक नॉइजमध्ये कोणता स्वर ऐकू येतो

रेकॉर्डिंग स्टुडिओत कान तयार करण्याची ही जुनी युक्ती. 250 हर्ट्झचा उंचवटा 'ऊ'सारखा ऐकू येतो, 500 चा 'ओ', 1000 चा 'आ', 2000 चा 'ए', 4000 चा 'ई'. त्याच्या वर गेलं की 'स्स'. पूर्ण पट्ट्याची पिंक नॉइज तटस्थ हेडफोनवर दूरच्या धबधब्यासारखी लागते, तिच्यात कुठलाच स्वर नसतो. तुमच्या हेडफोनवर तिच्यात 'ओ' किंवा 'ई' मिसळल्यासारखा वाटला तर कुठे शोधायचं ते कळलं.

सवय लागायला आधी मुद्दाम बिघडवलेली नॉइज ऐका. ऑडॅसिटीत पिंक नॉइजच्या पाच प्रती करा आणि प्रत्येकीत वरच्यापैकी एक फ्रिक्वेन्सी 6 डेसिबलने उचला. नावं झाकून फाइली उलटसुलट लावा आणि ओळखा. 6 जमलं की 3 डेसिबलवर या. रोज दहा मिनिटं, दोन आठवडे. एवढ्या सरावानंतर कान जे सांगतो ते शंभर परीक्षणं वाचून कळत नाही.

एक धोका लक्षात असू द्या: सुमारे 8 किलोहर्ट्झच्या वरची बारीक टोकं प्रत्येकाच्या कानात वेगळी पडतात. इअरफोन किती खोल गेला त्यावर तिथलं घुमणं सरकतं, हेडफोन अर्धा सेंटिमीटर पुढे-मागे केला तरी बदलतं. हेडफोन हलवल्यावर दोषही हलत असेल तर तो हेडफोनच्या नावावर मांडू नका.

तंबोरा आणि डग्गा

आता संगीत. आपल्याकडे तपासणीसाठी तंबोऱ्याइतकं चांगलं वाद्य नाही, कारण तो एकाच वेळी खालपासून वरपर्यंत सगळी पट्टी व्यापतो. काळी एकचा पुरुषी तंबोरा घ्या: खर्ज सुमारे 69 हर्ट्झ, पंचम 104, जोडाच्या तारा 139. जवारीमुळे (तार घोडीला हलकेच घासून उमटणाऱ्या झंकारामुळे) या प्रत्येक तारेतून कितीतरी किलोहर्ट्झपर्यंत वरचे स्वर निघतात आणि छेडल्यानंतर ते एकामागून एक उजळत विरतात. मिरजेतला कारागीर घोडीवर कानस मारून हेच साधत असतो. खरा तंबोरा मीटरभर अंतरावरून ऐकला की खर्जाचा गोलावा आणि जवारीचा झंकार हा एकच आवाज असतो. हेडफोनवर झंकार सुटून बाजूला यंत्रासारखा गुणगुणत असेल तर 5 ते 8 किलोहर्ट्झमध्ये टोक आहे. झंकार विरताना मध्येच गायब होत असेल तर त्या जागी खड्डा. आणि चारही तारांत एकच तार प्रत्येक फेरीत मोठी लागत असेल तर बेसमध्ये फुगवटा. ॲपमधला तंबोरा यासाठी वापरू नका, त्यात मुळातच काय आहे हे आपल्याला माहीत नसतं.

डग्ग्याची परीक्षा आणखी सोपी. डग्ग्यावर तळहात सरकवून काढलेली मींड ऐका. सूर चढताना मोठेपणा जवळपास सारखा वाहायला हवा. वाटेत एका ठिकाणी सूर अचानक फुगला आणि पुढे गेल्यावर परत लहान झाला तर तिथे ड्रायव्हर किंवा कप घुमतोय. दोन-तीन वादकांच्या रेकॉर्डिंगमध्ये फुगवटा त्याच सुरावर आला की खात्री करा. तबल्याच्या चाटेवरचा 'ना' टणक पण लाकडी लागायला हवा. पत्र्यावर नाणं आपटल्यासारखा लागला तर पुन्हा वरच्या पट्टीतलं टोक.

जुन्या 78 आरपीएम तबकड्यांवरची नाट्यपदं ऐकायला कितीही गोड असली तरी परीक्षेला नकोत. त्यांत वरची पट्टी जवळजवळ नाही, त्यामुळे टोचरा हेडफोनही तिथे सज्जन वाटतो. आणि 'प्रत्यक्ष मैफल ऐकलीय' या आठवणीवरही जरा शंका घ्या. सवाई गंधर्व महोत्सवासारख्या मंडपात आपण गायक नव्हे, लाउडस्पीकर ऐकत असतो. खरा मापदंड हवा असेल तर माइकशिवायची घरगुती बैठक शोधा.

वय झालं, वरचं कमी ऐकू येतं, म्हणून तपासणी सोडायचं कारण नाही. समोरचा तंबोराही त्याच कानाने ऐकलेला असतो. त्याची भरपाई म्हणून ट्रेबल वाढवला तर मात्र आवाज खरा राहत नाही.

संशय पक्का कसा करायचा

नुसत्या वर्णनावर थांबू नये. विंडोजवर 'इक्वलायझर एपीओ', अँड्रॉइडवर 'वेव्हलेट' असे मोफत प्रोग्रॅम आहेत. मात्र पुढची पॅरामेट्रिक पद्धत, म्हणजे फिल्टरची जागा, रुंदी आणि पातळी स्वतः ठरवायची पद्धत, संगणकावरच करावी. संशय असलेल्या जागी पीक फिल्टर (तेवढीच जागा उचलणारा किंवा कापणारा) लावा: क्यू (फिल्टर किती अरुंद ते) 2, पातळी उणे 3 डेसिबल. दहा रेकॉर्डिंगपैकी आठ-नऊमध्ये तोच दोष सुटला आणि नवा दोष आला नाही, तर निदान बरोबर. तीन-चारमध्येच सुधारणा झाली तर दोष रेकॉर्डिंगमध्ये होता, फिल्टर काढून टाका. शोधताना उचलण्यापेक्षा कापणं बरं. अरुंद फिल्टरने कुठलीही जागा 6 डेसिबल उचलली तर ती वाईटच लागते, त्यातून काही सिद्ध होत नाही. पुरुषाच्या आवाजाचा वरचा प्रश्न इथेच सुटतो: 200 ला कापून उशी निघाली तर फुगवटा. नाही निघाली, पण 3 किलोहर्ट्झला 3 डेसिबल चढवून निघाली तर खड्डा. काही उचलावं लागलंच तर तेवढ्याच डेसिबलने प्रीॲम्प (एकूण पातळी) खाली घ्या, नाहीतर आवाज फाटेल.

बेससाठी 105 हर्ट्झचा लो-शेल्फ (त्याखालचं सगळं एकत्र उचलणारा किंवा कापणारा फिल्टर), क्यू 0.7, एकेका डेसिबलने वर-खाली करा. अनेक रेकॉर्डिंगवर मधली पट्टी झाकली न जाता पाया जाणवेल तिथे थांबा. इंटरनेटवरचे तयार आकडे वापरणार असाल तर आलेख कोणत्या यंत्रावर काढलाय ते पाहा. जुन्या 711 कपलरवरचा आलेख आणि ब्रुएल अँड केअरच्या 5128 वरचा आलेख (दोन्ही मोजणीचे कृत्रिम कान) एकाच टार्गेटशी ताडून पाहिले तर वरची पट्टी चुकते.

यानंतर स्वतःवरच अविश्वास दाखवायचा. फिल्टर चालू आणि बंद यांची पातळी पुन्हा त्याच 500 ते 2000 च्या नॉइजने जुळवा. फिल्टर याच पट्ट्यात असेल तर बोलण्याच्या रेकॉर्डिंगने जुळवा. मग घरातल्या कुणाला तरी नाणं उडवून चालू-बंद करायला सांगा. दहापैकी नऊ वेळा ओळखता आलं तर ते नशिबाने घडण्याची शक्यता सुमारे 1 टक्का. आठ वेळा आलं तर साडेपाच टक्के, म्हणजे अजून दहा फेऱ्या करा. दोन हेडफोनची तुलना अशी झाकून करता येत नाही, कारण वजन आणि पकड लगेच ओळखू येते. तिथे 15-20 सेकंदांचा एकच तुकडा फिरवत राहणं आणि अदलाबदल झटपट करणं एवढंच हातात असतं. एकावर वीस मिनिटं रमलात की मेंदू त्यालाच सरळ मानायला लागतो आणि पुढचा हेडफोन, कितीही तटस्थ असला तरी, वाकडा वाटतो. मध्ये दहा मिनिटं कान मोकळे ठेवा. रस्त्यावर नको, शांत खोलीत.

दुकानात यातलं सगळं जमत नाही. तिथे पेनड्राइव्हवर चार गोष्टी न्या: 40 हर्ट्झचा सूर, 500 ते 2000 ची नॉइज, मिनिटभराचं बोलणं आणि मिनिटभराचा तंबोरा. याच क्रमाने वाजवा. बाहेर रहदारी असेल तर खालची पट्टी झाकली जाते, त्यामुळे जास्त बेसवाला बंद हेडफोन तिथे बरोबर वाटतो आणि घरच्या शांततेत घुमायला लागतो. उघड्या पाठीच्या हेडफोनचं उलट होतं, दुकानात तो उगाच पातळ लागतो. अशा जागी बेसवर मत बनवू नका, फक्त 'स', 'श' आणि दोन्ही 'च' ऐका, आणि परत करण्याची मुदत किती दिवसांची आहे ते पैसे देण्याआधी पावतीवर लिहून घ्या.